सुजाता, तुझा वर्ग माझ्याकडे आलाय

सुजाता, परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. टेबलावर तुझा फोटो होता, त्याला हार घातलेला. फोटो चुकीचाच निवडला होता. आधार कार्डावरचा मोठा करून आणला होता कुणीतरी. त्यात तुझा चेहरा असा आहे, जणू कुणी तुझा रंगीत खडू पळवलाय. मुख्याध्यापिका बोलल्या, संस्थेचे एक गृहस्थ बोलले, दोन पालक बोलले, आणि सगळ्यांनी फिरून फिरून तुला तेच शब्द दिले. प्रेमळ. मनमिळाऊ. हसतमुख. तू असतीस तर मला कोपरानं ढोसून म्हणाली असतीस, "ताई, हे कुणाचं वर्णन चाललंय गं? मी कुठाय ह्यात?"

हसतमुख! चाचणीचे पेपर तपासताना तुझं तोंड मी बघितलंय. आणि मनमिळाऊ? खिडकीजवळच्या खुर्चीवरून चित्रकलेच्या सरांशी तुझं भांडण झालं, तर अख्खं वर्ष तू त्यांच्याशी बोलली नव्हतीस. त्यांनी दिवाळीला चकल्या आणल्या तेव्हा तू चकल्या खाल्ल्यास, पण आभार माझ्यामार्फत पाठवलेस.

मलाही बोलायला सांगितलं. मी घशाकडे बोट दाखवून बसून राहिले. घसा ठीक होता. एवढ्या माणसांनी तुला आपली म्हणावं, आणि त्यांच्या मागे रांगेत उभं राहून मीही म्हणावं, हे मला नको होतं. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. तुझा तर वाटायचाच. आपली ओळख झाली त्या आठवड्यापासून तो माझ्या सोबत आहे, आणि तू गेलीस म्हणून तो जाईल असं काही दिसत नाही.

तू आलीस ते साल दुष्काळाचं होतं. गावंच्या गावं शहरात उतरत होती. बायपासपलीकडे जिथं आम्ही लहानपणी हुरडा खायला जायचो तिथं इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांतून कन्नडकडची, अजिंठ्याकडची माणसं बांधकामाला आलेली. त्यांची पोरं उस्मानपुऱ्यातल्या आपल्या शाळेत यायला लागली. वर्ग पुरेनात. मोठ्या खोलीच्या मध्ये प्लायवूड ठोकून दोन वर्ग केले. अलीकडे माझी दुसरी अ, पलीकडे दुसरी ब, आणि तिला शिकवायला तू. कन्नडच्या खेड्यातून आलेली, बारीक, काळीसावळी, मोठ्या आवाजाची. पहिल्याच दिवशी तू मला "ओ ताई" म्हणालीस आणि माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचललीस. मला दोन्ही आवडलं नाही.

माझं शिकवणं तुला माहीत आहे. नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण. हे मी मुलांकडून म्हणवून घ्यायचे, मग तक्ता. सुंदर फूल, मोठा हत्ती, गोड आंबा. मुलं तालात म्हणायची. प्लायवूडपलीकडून मात्र ताल ऐकू यायचा नाही, गलका यायचा. तू दिवाळीपर्यंत विशेषण हा शब्दच उच्चारला नाहीस. तू नुसतं विचारायचीस, "कसं?" आणि मुलांनी "छान" म्हटलं की तू कपाळाला हात लावायचीस.

"बाई, काकडी छान हाय."

"छान म्हंजे कशी? मला नाय कळलं बाबा."

"कवळी हाय."

"आन् ही?"

"ही लई निबर."

"हां, आता कळलं. निबर तू खा, कवळी मला दे."

ती पोरं तुझ्याच बाजूची. कवळं, निबर, आंबूस, चिवट हे शब्द ती घरून घेऊनच आली होती. दुसऱ्या कुणी ते पुसून कोवळं, जून असं लिहायला लावलं असतं. मीच लावलं असतं. तू फळ्यावर दोन्ही लिहायचीस आणि दोन्हींना बरोबरची खूण करायचीस.

पण छानवर तू जी बंदी घातलीस ती मला कधीच पटली नाही. "मुलाला दर वेळी शब्द सापडतो का?" मी म्हणायचे. "नाही सापडला तर त्यानं काय करायचं? गप्प बसायचं?" तू म्हणायचीस, "छान हाताशी असला की दुसरा शोधतच नाहीत ताई. आळशी शब्द आहे तो." हा वाद आपण इतकी वर्षं घातला की नव्या शिक्षिकांना तो पाठ झाला होता. आजही माझं मत बदललेलं नाही. छान लागतो. एखाद्या पोराला नुसतं हसून छान म्हणायचं असतं आणि खेळायला पळायचं असतं.

त्या वर्षी माझी रेवा दुसरीत होती. स्वतःचं मूल स्वतःच्या वर्गात घ्यायचं नाही, हा शाळेचा नियम. म्हणून ती तुझ्याकडे आली. रेवा घरात चुरुचुरु बोलायची आणि शाळेच्या फाटकातून आत आली की तिचं तोंड मिटायचं. बालवाडीपासून हेच. बाईंनी विचारलं तर मान हलवायची, फार तर बोट दाखवायची. मी समजावलं, रागावले, बाहुली देईन म्हणाले, डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बोलेल, दबाव आणू नका. मी इतरांच्या मुलांना बोलायला, वाचायला शिकवून पगार घेत होते, आणि पालकसभेत लोक मला विचारत होते, "बाई, तुमची मुलगी बोलत नाही का हो?"

मग शाळेची टाकी कोरडी पडली. टँकरचं काही खरं नव्हतं, म्हणून प्रत्येकानं घरून पाण्याची बाटली आणायची असं ठरलं. माझ्या वर्गात बाटल्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. तू त्या टेबलावर मांडल्यास. मी मुलांना शुद्धलेखन दिलं होतं, वर्ग शांत होता, त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

"हे पाणी कसं?" तू विचारलंस.

"बाई, गढूळ."

"ह्ये बोरचं हाय. खारट लागतं."

"ह्याला पाइपाचा वास येतोय. रबरी!"

"मेरा फिक्का है बाई," कोणीतरी म्हणालं, आणि तू म्हणालीस, "फिक्का कसा असतो ते मला चाखू दे," आणि खरंच त्याच्या बाटलीतलं प्यायलीस. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, आमचं उसनं पाणी हाय. शेजारच्या काकूनं दिलं." तू म्हणालीस, "उसनं पाणी. शाब्बास. हा शब्द तर मला पण सुचला नसता."

आणि मग मला रेवाचा आवाज ऐकू आला.

"माझं घाईचं आहे."

मी खडू हातात घेऊन उभी होते. तू आवाज अजिबात चढवला नाहीस. "बोलली, बोलली!" असं काहीही केलं नाहीस. रोज बोलणाऱ्या पोरीला विचारावं तसं विचारलंस, "घाईचं कसं गं?"

"नळ आला की आई घाईघाईत भरते. ओरडते. थोडं सांडतं पण. म्हणून घाईचं."

पोरं हसली. तू म्हणालीस, "मग पिऊन बघ बरं. घाई लागते का त्यात?"

थोड्या वेळानं रेवा म्हणाली, "नाही लागत."

लोकांना वाटेल मला रडू आलं असेल. ते संध्याकाळी आलं. आधी काय आलं ते तुला सांगते, कारण तू जिवंत असताना मी ते बोलले नाही. आधी असं वाटलं की कुणीतरी माझ्या घरातली वस्तू माझ्या डोळ्यांदेखत उचलून नेली. इतकी वर्षं मी ज्या आवाजासाठी जीव टाकला तो तू एका पाण्याच्या बाटलीवर मिळवलास, आणि मी लाकडाच्या भिंतीआडून ऐकत होते. वर माझ्या ओरडण्याचीही बातमी वर्गात गेली.

मधल्या सुट्टीत मी तुझ्यासमोर जाऊन उभी राहिले. तू भाकरी सोडून माझ्याकडे बघायला लागलीस. तुला वाटलं असेल, ताई आता गळ्यात पडणार. मी म्हणाले, "'घाईचं' हे विशेषण नाही. ती षष्ठी आहे."

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. "अगं ताई, पोरगी बोलली! षष्ठीचं बघू की नंतर."

नंतर तू कधीच बघितलं नाहीस. मी अधूनमधून आठवण करायचे. तू म्हणायचीस, कसं पाणी असं विचारलं, कसं ते तिनं सांगितलं, माझ्यापुरतं ते विशेषण. असं असतं का व्याकरण?

त्या दिवसापासून आमच्या घरात तू राहायला आलीस. जेवताना तू, झोपताना तू. "बाई म्हणतात." "बाईंना असं आवडत नाही." एकदा मी रेवाला विचारलं, आमटी कशी झालीय? तिनं विचार केला आणि म्हणाली, "भित्री." तिखट कमी होतं म्हणून. तिचे बाबा हसून हसून उठून गेले. मीही हसले. पण हा शब्द तिनं दुसऱ्या दिवशी आधी तुला सांगितला असणार, आणि तुम्ही दोघी माझ्या आमटीवर हसला असणार, हेही माझ्या मनात आलं.

दोन वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला, आणि त्याच साली तुला आदर्श पाठ घ्यायला बोलावलं. सिडकोकडच्या एका नव्या चकचकीत शाळेत. मला नाही, तुला. मी प्रेक्षकांत दुसऱ्या रांगेत, इतर शाळांच्या शिक्षकांबरोबर. समोर त्या शाळेची मुलं, बूट पॉलिश केलेली, हाताची घडी. तू चिंच दाखवलीस. "कशी आहे?" मुलं म्हणाली, "नाइस." तू वास घ्यायला दिलास. "नाइस." एक जण म्हणाला, "यम्मी." तू घाम पुसलास. शिक्षण खात्याचे अधिकारी घड्याळ बघत होते. तुझा पाठ पडत होता, आणि मला बरं वाटत होतं. हो, वाटत होतं.

मग तू थेट माझ्याकडे बघितलंस. "ताई, जरा पुढं येता का?"

मी आले. तू मला मुलांसमोर उभं केलंस, डोळे मिटायला लावलेस, आणि भलं मोठं चिंचेचं बुटूक तोंडात कोंबलंस. गाभुळलेली नव्हती गं ती, कच्ची होती. माझा एक डोळा मिटला तो उघडेचना. गाल आत गेले, खांदे वर आले. आणि ती हाताची घडी घातलेली मुलं बाकांवर उभी राहिली.

"आंबट!"

"बाई वाकड्या झाल्या!"

"चिडक्या!"

"नाही रे, चिमटलेल्या!"

"सुरकुतलेल्या!"

फळा भरला. अधिकारी टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, फोटोसकट. बातमीत तुझं नाव, फोटोत माझं तोंड. तू तो फोटो कातरून शिक्षकखोलीच्या कपाटावर चिकटवलास आणि मी रोज काढायचे, तू रोज लावायचीस. तुझ्याकडे किती प्रती होत्या देव जाणे. पण एक विचारायचं राहिलं. तिथं चाळीस-पन्नास माणसं होती. माझ्याकडेच का बघितलंस? मी येईन हे तुला कसं माहीत होतं? मला स्वतःला माहीत नव्हतं.

आपलं खरं भांडण मात्र एकच झालं. तुझ्या वर्गात पोरं एकमेकांचं वर्णन करत होती. उंच, किडकिडीत, कुरळ्या केसांची. एकानं म्हटलं, "ही काळी." मी दारावरून जात होते. मी आत येऊन त्याला दटावलं, माणसाच्या रंगावर बोलायचं नाही म्हणून. तू मुलांसमोर काही बोलली नाहीस, पण सुट्टीत तुझा आवाज बारीक झाला होता, आणि तुझा आवाज बारीक झाला की मला भीती वाटायची.

"त्यानं शिवी नव्हती दिली ताई. तुझ्या दटावण्यानं ती शिवी झाली. ती पोरगी आता दिवसभर हात झाकून बसेल."

"उद्या तोच शब्द तिला कुणी फेकून मारेल, तेव्हा?"

"मला मारलाय. विहिरीवर, शाळेत, लग्नाच्या बोलण्यांत. रंगासोबत जातही काढायचे. म्हणून तर म्हणते. रात्र काळी, रेगूर माती काळी, पाटी काळी, आन् ती पोरगी काळी. आधी हे साधं व्हायला पाहिजे."

मी म्हणाले, जग साधं होईपर्यंत त्या मुलीनं काय करायचं? तू म्हणालीस, हे विचारणं तुला सोपं आहे. मी गोरी, बामणाच्या घरातली, हे तू बोलली नाहीस, पण मला ऐकू आलं. आपण आठवडाभर अबोला धरला. मग तू माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचललीस आणि अबोला संपला. वाद संपला नाही.

यंदा उन्हाळ्यानंतर तुझे पाय सुजायला लागले. तू शाळेत येत राहिलीस, खुर्चीवर बसून शिकवत राहिलीस, आणि मग दवाखान्यात गेलीस. रेवा आता नाशिकला शिकते. तिला कळवलं तेव्हा ती मिळेल त्या एसटीनं निघाली. मी तिच्यासाठी थालीपिठं लावून वाट बघत बसले. फोन आला. "आई, मी बाईंजवळ आहे. तू पण ये ना." पाठीवरची सॅकही न उतरवता ती आधी तुझ्याकडे आली होती. मी थालीपिठं डब्यात भरून दवाखान्यात आणली. ती तुझे केस विंचरत होती, आणि बोलत होती, सारखी बोलत होती.

तू मला म्हणालीस, "बघ तुझी पोरगी. डोकं खाल्लं माझं."

"सवय तूच लावलीस," मी म्हणाले.

आभार मानायचे राहिले, असं लोक अशा वेळी लिहितात. माझे राहिले नाहीत. मी मुद्दाम मानले नव्हते. मानले असते तर तू डोक्यावर बसली असतीस. पण तू समजून होतीस ना? थालीपीठ तू खाऊ शकत नव्हतीस, तरी एक तुकडा मोडून हातात धरून ठेवलास. तेवढ्यावर मी समजून घेतलं.

रेवा चहा आणायला खाली गेली तेव्हा तू म्हणालीस, "ताई, ते काळीचं राहिलंय आपलं."

"बरी हो. मग भांडू."

"आत्ता भांड. बरी झाल्यावर मी तुझं ऐकणार आहे व्हय?"

म्हणून मी भांडले. आजारी माणसाशी बोलतात तशी बोलले नाही, खरोखर भांडले. माझे सगळे मुद्दे काढले. तू उशीवरून मान उचलून उत्तरं दिलीस, तुझ्या गालांवर जरा रंग आला. नर्स आली आणि मलाच रागावली, पेशंटला बोलायला लावू नका म्हणाली. मी निघाले तेव्हा तू हात वर केलास. "उद्या ये. माझा एक मुद्दा राहिलाय. मोठा आहे."

दुसऱ्या दिवशी तू मला ओळखलंस, पण बोलली नाहीस. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी पांढऱ्या साडीत बुद्धवंदनेला बसले होते, आणि भंतेजी बोलत असताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. काय होता गं तो मुद्दा? तुझ्या नवऱ्याला विचारलं, रेवाला विचारलं. तू कुणालाच सांगितला नव्हतास. एका गोष्टीचा मला तेवढा आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तो मुद्दा फक्त माझ्यासाठी होता.

काल मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सांगितलं, नवीन बाई मिळेपर्यंत दुसरी ब तुम्ही घ्या. आता त्या वर्गाला विटांची भिंत आहे. मी आत गेले. तुझी पोरं गप्प बसली होती. मी तारीख लिहिली आणि म्हणाले, आज आपण विशेषण बघू.

पुढच्या बाकावरची सानिया म्हणाली, "आमच्या बाई असं नाय म्हणायच्या."

"मग कसं म्हणायच्या?"

"नुसतं कसं म्हणायच्या."

"बरं," मी म्हणाले. "तुमच्या बाई कशा होत्या?"

विचारलं आणि घाबरले. ही पोरंही प्रेमळ म्हणाली असती तर मी वर्ग सोडून गेले असते. मग मागून एक जण म्हणाला, "गरम. हात लई गरम असायचा."

"खेळात रडक्या. आउट झाल्या तरी नाय म्हणायच्या."

"पोकळ आवाजाच्या. आधी नव्हत्या. मागून झाल्या."

"बाई, फुगल्या होत्या. चप्पल बसत नव्हती."

मी फळ्यावर लिहीत गेले. आम्ही मोठी माणसं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचत होतो, आणि ही सात वर्षांची पोरं रोज तुझ्याकडे बघत होती. त्यांनी तुला जितकं बघितलं तितकं शेवटच्या महिन्यांत मी बघितलं नव्हतं. सुजाता, मला त्यांचाही हेवा वाटला.

लिहून झालं. मी हात झटकला. सानियानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, तू शिकवलंस तसं, घाई न करता.

"आन् तुमी कशा हाय?" तिनं विचारलं.

"तूच सांग."

माझे केस पांढरे झालेत, गुडघे वाजतात, चष्मा नाकावरून घसरतो. या शाळेत मी तुझ्याही आधीपासून आहे. त्या पोरीच्या वडिलांना कदाचित मीच शिकवलं असेल. तिनं सगळं बघून घेतलं आणि म्हणाली,

"नव्या."

"बरोबर," मी म्हणाले, आणि हजेरी घ्यायला बसले.